धरणफोड्या पथकाची बखर व त्याचें दप्तर

[१]

दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश हवाई दलाच्या बाँबफेक्या विभागांतून सुमारें सव्वा लक्ष वैमानिकांनीं सेवा केली व त्यांपैकीं ५५,५७३ मृत्यु पावले. या अफाट सैन्यांत पथकें अनेक होतीं. परंतु सामान्य वाचकाच्या तोंडीं नांव राहिलें तें बहुधा एकाच पथकाचें. तें ६१७ वें पथक होय. १६ व १७ मे १९४३ यांमधील रात्रीं या पथकाच्या १९ लँकेस्टर विमानांनीं जर्मनींतील रूर प्रांताच्या धरणांवर हल्ला केला व त्यांतील दोन फोडलीं. पॉल ब्रिकहिल या ऑस्ट्रेलियन ग्रंथकारानें १९५१ सालीं या पथकाचा युद्धकालीन इतिहास 'द डॅम बस्टर्स' म्हणजे 'धरणफोडे' या नांवानें प्रसिद्ध केला. १९५५ सालीं त्यावर बोलपट निघाला. आणि तेव्हांपासून पथकाचा इतिहास म्हणजे हें पुस्तक व हा बोलपट असें समीकरण होऊन बसलें आहे. प्रस्तुत परीक्षण या समीकरणाचें आहे.

या त्रैमासिकाच्या वाचकांस विषय परका वाटण्याचा संभव आहे. परंतु पानिपतावरील बखरी आणि पानिपताहून निघालेलीं अस्सल पत्रें समोरासमोर ठेवून वाचण्याची जी संवय आपणांस लागली आहे, ती देशपरत्वें बदलण्याचें कारण नाहीं. बखर कोठेंहि निर्माण होते, आणि ती अठराव्या शतकापाशींच थांबली असें समजणें हा आपला भोळेपणा आहे.

या विषयाकडे वळण्याचें आणखी एक कारण आहे व तें सांगून टाकणें प्रामाणिकपणाचें होईल. प्रस्तुत लेखकानें शाळेंत संस्कृत शिकविण्यांत जन्म घालविला. ब्रिकहिलचें पुस्तक लहानपणीं जुन्या बाजारांत हातीं लागलें होतें; तें इतकें आवडलें कीं पुढें मोकळ्या तासाला मुलांस ती कथा सांगण्याचा परिपाठच पडला. पाण्यावर उड्या घेत जाणारा बाँब, साठ फुटांवरून उडणारीं विमानें, छप्पन्न वीरांचा मृत्यु, हें सर्व आम्ही रंगवून सांगत असूं. एके वर्षीं मागच्या बांकावरील एका मुलानें विचारलें, "सर, धरणाच्या खालीं कोण राहत होतें?" त्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं. छप्पन्न हा आंकडाहि चुकीचा होता, हें तर फार मागाहून कळलें. हा लेख त्या मुलास उशिरां दिलेलें उत्तर आहे असें समजण्यास हरकत नाहीं.

[२]

प्रथम साधनांची प्रतवारी पाहूं. या पथकासंबंधीं पहिलें आत्मकथन त्याच्या पहिल्या नायकाचें, गाय गिब्सन याचें. हल्ल्याच्या वेळीं तो चोवीस वर्षांचा होता. १९४४ सालीं त्यानें 'एनिमी कोस्ट अहेड' हें पुस्तक लिहिलें. त्याच वर्षीं १९ सप्टेंबर रोजीं हॉलंडांत स्टेनबर्गेन गांवाजवळ त्याचें मॉस्किटो विमान कोसळून त्याचा अंत झाला आणि पुस्तक १९४६ सालीं, त्याच्या पश्चात् छापलें गेलें. त्यावर युद्धकाळच्या सरकारी तपासनिसांची कात्री चालली होती. न कापलेला मजकूर बाहेर येण्यास २००३ साल उजाडावें लागलें. दुसरें साधन ब्रिकहिलचा ग्रंथ. ब्रिकहिल हा स्वतः लढाऊ वैमानिक व जर्मनांच्या हातीं सांपडलेला युद्धकैदी. सैनिकांची भाषा त्यास अवगत होती, आणि वाचलेल्या माणसांच्या तोंडून त्यानें पुष्कळ हकीकत मिळविली. तिसरें साधन बोलपट; परंतु तें साधनाचें साधन असल्यामुळें त्याची योग्यता त्या मानानेंच धरली पाहिजे.

यांच्या पलीकडे आहे तें पथकाचें दप्तर. ब्रिटिश हवाई दलांत प्रत्येक पथकास एक कार्यवही ठेवावी लागे. तिचे दोन भाग असत: एकांत रोजची संक्षिप्त हकीकत, दुसऱ्यांत प्रत्येक उड्डाणाची नोंद, म्हणजे विमानाचा क्रमांक, आंत बसलेल्यांचीं नांवें, निघाल्याची व परतल्याची वेळ, आणि काय केलें याचें दोनचार ओळींचें टिपण. ६१७ व्या पथकाच्या वह्या लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत आहेत. आपल्याकडील रोजकीर्द चाळणाऱ्यास त्यांचें रूप लगेच ओळखतां येईल. तीच रुक्षता, तोच ठराविक शब्दांचा फेरा, आणि जें विमान परत आलें नाहीं त्याच्या रकान्यांत तेंच आखूड वाक्य.

या दप्तराच्या व जर्मन कागदांच्या आधारानें जॉन स्वीटमन यांनीं १९८२ सालीं धरणांवरील हल्ल्याचा चिकित्सक इतिहास प्रसिद्ध केला. मॅक्स हेस्टिंग्ज यांचा ग्रंथ २०१९ सालचा. या दोन ग्रंथांनंतर ब्रिकहिलचा ग्रंथ टाकून द्यावा असें आमचें म्हणणें नाहीं. तो कोणत्या जागीं ठेवावा, एवढेंच पाहावयाचें आहे.

[३]

लिहिलेल्या साधनांखेरीज आणखी एक दस्तऐवज आहे. तो म्हणजे विमान. लँकेस्टर हें विमान एका अपयशांतून जन्मलें. ॲव्रो कंपनीचा मुख्य रचनाकार रॉय चॅडविक यानें आधीं मँचेस्टर नांवाचें दोन यंत्रांचें विमान केलें होतें. त्याचीं व्हल्चर जातीचीं यंत्रें वरचेवर बिघडत. तेव्हां तोच सांगाडा थोडा रुंदावून त्यावर चार मर्लिन यंत्रें बसविण्यांत आलीं. ९ जानेवारी १९४१ रोजीं नवें विमान प्रथम उडालें आणि युद्ध संपेपर्यंत व त्यानंतर थोड्या काळांत मिळून अशीं ७,३७७ विमानें तयार झालीं. पंखांचा विस्तार १०२ फूट. आंत माणसें सात. या विमानाचा मोठा गुण म्हणजे त्याचें पोट. बाँब ठेवण्याची जागा सुमारें ३३ फूट लांब असून मध्यें कोठेंहि आडवी भिंत नव्हती. दुसऱ्या विमानास न पेलणारें ओझें यास पेलत असे, तें यामुळें.

बार्न्स वॉलिस या शास्त्रज्ञानें धरणासाठीं जो बाँब योजिला तो या पोटांतहि मावेना. तो पिंपाच्या आकाराचा होता. वजन सुमारें ९,२५० पौंड, पैकीं ६,६०० पौंड स्फोटक द्रव्य. म्हणून तेवीस विमानें मुद्दाम बदलून घेण्यांत आलीं: पोटाचीं दारें काढलीं, पाठीवरील तोफेची घुमटी काढली, आणि खालीं चिमट्यासारखे दोन हात बसवून त्यांत तें पिंप आडवें धरलें. टाकण्यापूर्वीं एक मोटर त्यास मिनिटास सुमारें ५०० फेरे या वेगानें उलट फिरवी. साठ फुटांवरून सोडलेलें तें पिंप पाण्यावर उड्या मारीत पाणसुरुंगांस अडविणाऱ्या जाळ्यांवरून पलीकडे जाई, भिंतीवर आदळे, उलट्या फिरकीमुळें भिंतीस बिलगून खालीं उतरे आणि तीस फूट खोल गेल्यावर पाण्याच्या दाबानेंच फुटे. स्फोटाचा सगळा जोर पाण्यामार्फत भिंतीवर पडावा, हें त्यांतील मर्म.

बोलपटांत हा बाँब चेंडूसारखा गोल दिसतो. याचें कारण दिग्दर्शकाची हौस नव्हे. खरा आकार त्या वेळीं सरकारी गुपित होता, आणि तो उघड होण्यास १९६० नंतरचीं वर्षें यावीं लागलीं. म्हणजे ज्या पुस्तकानें व ज्या बोलपटानें ही कथा जगास शिकविली, त्यांस तिच्या मुख्य आयुधाचें रूपच सांगण्याची मुभा नव्हती. बखरींतील चूक नेहमीं बखरकाराची नसते. कधीं कधीं ती दरबाराची असते.

त्या तेवीस विमानांपैकीं आज एकहि शिल्लक नाहीं. हल्ल्यांतून परतलेल्या कांहीं विमानांनीं १९४६ सालीं शेवटचें काम केलें तें उरलेलीं पिंपें अटलांटिक महासागरांत नेऊन टाकण्याचें. त्यांत गिब्सनचें स्वतःचें विमानहि होतें. तें १९४७ सालीं मोडीत निघालें. आज ब्रिटनमध्यें समारंभांत उडणारें जें एकुलतें लँकेस्टर लोक डोळे भरून पाहतात, तें १९४५ साली बांधलेलें असून युद्धांत कधींहि गेलेलें नाहीं. लोक अवशेष पाहतात व घटना पाहिल्याचें समाधान मानतात. तरवारीविषयीं आपल्याकडे जें होतें तेंच हें.

[४]

आतां खुद्द त्या रात्रीच्या हकीकतीकडे वळूं. बखर सांगते कीं गिब्सननें सर्व दलांतून एकएक नामांकित वीर निवडून हें पथक उभें केलें. गिब्सनच्या स्वतःच्या लिहिण्याचा रोंखहि तोच आहे. दप्तर पाहिलें तर मार्च १९४३ मध्यें लिंकनशायर परगण्यांतील स्कॅम्प्टन येथें हें पथक घाईनें जमविण्यांत आलें. गिब्सनच्या प्रत्यक्ष परिचयाचे वैमानिक थोडे. त्याच तळावरील ५७ व्या पथकाची एक उपतुकडी तर मेल्विन यंग या नायकासह सरसकट इकडे वर्ग झाली. कित्येकांच्या गांठीस मोहिमांचा अनुभव बेताचाच होता. यामुळें त्यांची योग्यता कमी होते असें नाहीं, उलट वाढते. निवडक वीरांनीं पराक्रम केला तर त्यांत नवल काय? नेहमींच्या तरुणांनीं आठ आठवड्यांच्या सरावावर रात्रीं साठ फुटांवरून उडावें, हें मोठें. येथें बखरीनें नायकाची उंची वाढवितांना अनुयायांची कमी केली आहे.

दुसरें उदाहरण दिव्यांचें. अंधारांत पाण्यावर बरोबर साठ फूट उंची राखावी कशी, यासाठीं विमानाच्या पोटाखालीं दोन दिवे तिरपे बसविले व त्यांचे झोत पाण्यावर एकमेकांस भिडले म्हणजे उंची साधली असें ठरविलें. बोलपटांत ही कल्पना गिब्सनला नाटकगृहांतील झोत पाहून सुचते. वस्तुतः ती विमाननिर्मिति खात्यांतील शास्त्रज्ञ बेन लॉकस्पायझर यांची. कचेरींत बसलेल्या माणसाची कल्पना रंगभूमीवर शोभत नाहीं, म्हणून ती नायकाच्या पदरीं घातली गेली.

प्रत्यक्ष हल्ल्याची हकीकत दप्तरांतून अशी निघते. एकोणीस विमानें तीन गटांत निघालीं: नऊ म्योने व मग एडर या धरणांसाठीं, पांच झोर्पे धरणासाठीं, पांच राखीव. झोर्पेच्या गटांतील एकाचें पिंप समुद्राच्या लाटेस लागून गळून पडलें, एकास विमानविरोधी तोफेनें जायबंदी केलें; दोघेहि परतले. म्योनेवर गिब्सननें पहिला बाँब टाकला. भिंत उभी राहिली. दुसऱ्या हॉपगुडचें विमान पेटलें व कोसळलें. तिसरा मार्टिन, चौथा यंग, पांचवा मॉल्टबी; मॉल्टबीच्या बाँबनंतर भिंत गेली. एडरची भिंत फोडली ती लेस नाइट यानें, शेवटच्या उरलेल्या बाँबनें. झोर्पे हें मातीच्या भरावाचें धरण. त्यावर दोन विमानांनीं बाँब टाकले, पण तें फुटलें नाहीं. एका राखीव विमानानें एन्नेपे धरणावर हल्ला केल्याची नोंद आहे. तें धरण एन्नेपे नसून जवळचें बेफर असावें, असा कित्येक संशोधकांचा तर्क आहे. दप्तरांतील नोंदहि अंधारांत, घाईनें, थकलेल्या माणसाच्या सांगण्यावरून झालेली असते, हें त्यावरून ध्यानांत यावें.

एकोणिसांपैकीं आठ विमानें परत आलीं नाहींत. त्यांत ५६ माणसें होतीं. बोलपटाच्या अखेरीस वॉलिस छप्पन्नांचा शोक करतो. हाच आंकडा आम्हीं मुलांस सांगत होतों. पण त्यांपैकीं तिघे वांचून कैदी झाले होते. मृत ५३. सकाळीं स्कॅम्प्टनच्या कचेरींत छप्पन्नांचीच नोंद असणार, कारण त्या घटकेस कोण जिवंत होतें हें कोणास कळलेलें नव्हतें. बोलपटानें त्या सकाळचें ज्ञान कायमचें करून ठेवलें. न परतलेल्या तिघांस जिवंत करण्यास पुढचा कागद वाचावा लागतो, आणि बखर पुढचा कागद वाचीत नाहीं.

[५]

यापुढचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. नैयायिक प्रत्यक्षास प्रमाणांत पहिलें स्थान देतात. पण इंद्रियाचा जेवढ्याशीं संबंध येतो, तेवढ्याचेंच तें प्रमाण. साठ फुटांवरून ताशीं सव्वादोनशें मैल वेगानें जाणाऱ्या वैमानिकाचें प्रत्यक्ष भिंतीपाशीं संपतें. त्यापलीकडे, खोऱ्यांत काय झालें, हें त्याच्या दप्तरांत येणें शक्यच नाहीं. पथकाची वही ही पथकाचीच वही आहे. तिच्यावरून लिहिलेला इतिहास कितीहि काटेकोर असला तरी तो नदीच्या एका बाजूचा इतिहास होय.

गिब्सनच्या न्यायासाठीं येथें एक गोष्ट नमूद केली पाहिजे. म्योने फुटल्यावर तो वर घिरट्या घालीत होता, आणि खोऱ्यांत पळणाऱ्या मोटारींचे दिवे पाण्यानें कसे गांठले व पाण्याखालीं त्यांचा रंग कसा पालटत जाऊन ते विझले, हें त्यानें आपल्या पुस्तकांत लिहून ठेवलें आहे. चोवीस वर्षांच्या मुलानें जें डोळ्यांनीं पाहिलें तें टाकलें नाहीं. ब्रिकहिलनेंहि बुडालेल्यांचा आंकडा लपविला नाहीं, आणि त्यांत परदेशी कैदी बहुसंख्य होते हेंहि सांगितलें. पण शेंकडों पानांच्या ग्रंथांत त्यास मिळालेली जागा दोनचार वाक्यांची. तेथून कथा पुढें पदकांकडे वळते. बोलपटांत त्यांचें गणितच नाहीं. साधनाची शुद्धता वरून खालीं येतां येतां कशी कमी होत जाते, याचा हा नमुना पाठ्यपुस्तकांत घालण्यासारखा आहे.

आतां खोऱ्यांतील कागद काय सांगतात तें पाहूं. म्योनेच्या भिंतीस सुमारें ७७ मीटर रुंद व २२ मीटर खोल खिंडार पडलें. जलाशयांत सुमारें तेरा कोटि घनमीटर पाणी होतें. त्यांतील बहुतेक कांहीं तासांत खोऱ्यांत उतरलें. धरणाखालीं हिमेलफोर्टन येथें तेराव्या शतकांतील मठाचें देऊळ होतें. तेथील धर्मगुरु गांवास सावध करण्यासाठीं घंटा वाजवीत राहिला व देवळासह वाहून गेला. त्याखालीं नेहाइम हें गांव. तेथें नदीकांठच्या सखल भागांत लांकडी झोंपड्यांची एक छावणी होती. तींत पूर्व युरोपांतून, मुख्यतः युक्रेन, रशिया व पोलंड येथून, पकडून आणलेल्या स्त्रिया ठेवलेल्या होत्या. दिवसा त्यांस तेथील कारखान्यांत राबवीत. पाणी आलें तेव्हां त्यांतील शेंकडों बुडाल्या.

मृतांची एकूण संख्या जुन्या ग्रंथांत सुमारें १,३०० दिली आहे; अलीकडील इतिहासकार ती १,६०० च्या आसपास धरतात, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक लोक जर्मन नव्हते, असें म्हणतात. हा फरक कसा पडला? मेलेल्या जर्मन नागरिकाचें नांव नगरपालिकेच्या वहींत असे; आणलेल्या मजुराचा केवळ क्रमांक असे, आणि कित्येकांचा तोहि राहिला नाहीं. ज्यांच्यासाठीं हें युद्ध चाललें आहे असें सांगितलें जात होतें, त्या गुलाम केलेल्या माणसांपैकींच पुष्कळ जणी त्या रात्रीं त्या पाण्यांत गेल्या. यांत वैमानिकाचा दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. त्यास नेहाइमची छावणी ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. पण इतिहासकारास ती ठाऊक आहे. ठाऊक असतां न सांगणें हा दोष त्याचा.

हल्ल्यानें जर्मनीचें नुकसान किती झालें, याविषयीं ग्रंथकारांत मतभेद आहेत. म्योनेची भिंत सप्टेंबर १९४३ च्या अखेरीपूर्वीं, म्हणजे पावसाळी दिवसांच्या आधीं, पुन्हा बांधून झाली. त्यासाठीं अटलांटिकच्या किनाऱ्यावरील तटबंदीचे मजूर काढून आणावे लागले. बांधकाम चालू असतां ब्रिटिशांनीं त्यावर पुन्हा हल्ला कां केला नाहीं, याचें आश्चर्य जर्मनीचा युद्धसामग्री मंत्री श्पेअर यानें आपल्या आठवणींत व्यक्त केलें आहे. एडरचा रूरच्या पाणीपुरवठ्याशीं संबंध नव्हता, ही त्याचीच टीका. आमच्या मतें परिणाम अगदींच थोडा झाला म्हणणें व युद्धाचें पारडें फिरलें म्हणणें, हीं दोन्ही टोंकें दप्तरास धरून नाहींत.

[६]

पथकाचा पुढील इतिहास ब्रिकहिलनें सविस्तर दिला आहे, व त्याच्या ग्रंथाचा हा भाग आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. कारण येथें दंतकथा विरळ होते व माणसें दिसूं लागतात. सप्टेंबर १९४३ मध्यें डॉर्टमुंड–एम्स कालव्यावर १२,००० पौंडी बाँब घेऊन पथक निघालें. पहिल्या रात्रीं हवेमुळें विमानें परत बोलाविलीं, आणि म्योने फोडणारा मॉल्टबी परततांना समुद्रांत पडला. दुसऱ्या रात्रीं आठ विमानें गेलीं. पांच परत आलीं नाहींत. नवा नायक होल्डन गेला. एडर फोडणारा नाइटहि गेला. विमान सांवरेनासें झाल्यावर नाइटनें सोबत्यांस छत्रीनें उतरूं दिलें, व स्वतः तें हॉलंडांतील एका गांवावरून पुढें नेऊन शेतांत टाकलें. धरणांवर गेलेल्या १३३ जणांपैकीं ७७ जण त्या रात्रीं परतले होते. युद्ध संपेपर्यंत त्यांतील ३२ मेले. या मृत्यूंस बोलपट नाहीं.

नोव्हेंबर १९४३ मध्यें लेनर्ड चेशायर पथकाचा नायक झाला. ८ फेब्रुवारी १९४४ च्या रात्रीं फ्रान्समधील लिमोज येथें विमानयंत्रांच्या कारखान्यावर हल्ला ठरला. तेथें रात्रपाळीस फ्रेंच स्त्रिया कामावर असत. चेशायरनें आपलें लँकेस्टर कारखान्याच्या छपरावरून तीनदां अगदीं खालून नेलें, त्यांस पळून जाण्यास अवसर दिला आणि मग निशाणीचे दिवे टाकले. कारखाना उद्ध्वस्त झाला. त्याच पथकाच्या, त्याच विमानाच्या, नऊ महिन्यांच्या अंतरानें घडलेल्या या दोन रात्री, नेहाइमची व लिमोजची, शेजारीं शेजारीं ठेवून वाचल्या पाहिजेत. एकींत खालच्या स्त्रिया दिसत नव्हत्या. दुसरींत दिसल्या, म्हणून कोणी तरी त्यांचा विचार केला. आमच्या समजुतीनें या पथकाच्या इतिहासाचें मर्म येथें आहे, भिंतीच्या खिंडारांत नाहीं.

पुढें वॉलिसचाच १२,००० पौंडी 'टॉलबॉय' बाँब आला. १२ नोव्हेंबर १९४४ रोजीं नॉर्वेंत ट्रोम्सेजवळ ९ व्या व ६१७ व्या पथकांनीं मिळून 'तिर्पिट्झ' ही जर्मन युद्धनौका बुडविली. तिला कोणाचा बाँब लागला हा वाद दोन पथकांत पुढें अनेक वर्षें चालला व त्या नौकेच्या पोलादी भिंतीचा एक तुकडा दोघेहि परस्परांकडून पळवीत राहिले. दप्तर दोघांचेंहि असल्यावर निकाल लागत नाहीं, असा हा मासला. १४ मार्च १९४५ रोजीं बीलेफेल्टचा रेल्वे पूल २२,००० पौंडी बाँबनें पाडला. जपानवर जाण्यासाठीं योजिलेलें हें पथक युद्ध संपल्यावर १९४६ च्या आरंभीं कांहीं महिने बंगालमधील दिग्री येथें येऊन राहिलें होतें, हें आपल्याकडे फारसें कोणास ठाऊक नसतें.

चेशायरचा संबंध तर आपल्या प्रांताशींहि आला. ९ ऑगस्ट १९४५ रोजीं नागासाकीवरील अणुबाँबचा तो ब्रिटिश सरकारचा साक्षी होता. युद्धानंतर त्यानें अपंग व असाध्य रोग्यांसाठीं निवासगृहें काढलीं; १९५० नंतरच्या दशकांत तें काम मुंबईंत सुरू झालें, आणि १९५९ सालीं त्याचा विवाहहि मुंबईंतच झाला. लिमोजवरून तीनदां फिरलेला माणूस व हा माणूस एकच, हें पाहिलें म्हणजे चरित्राची संगति लागते.

[७]

आमचा निर्णय असा: ब्रिकहिलचा ग्रंथ उत्तम बखर आहे. त्यांत माणसांचे स्वभाव, तळावरील गप्पा, भीति व थट्टा हें जें आहे, तें कोणत्याहि कार्यवहींत सांपडणार नाहीं, आणि त्यासाठीं तो वाचलाच पाहिजे. परंतु पथकाची निवड, आयुधाचें रूप, कल्पनांचें जनकत्व, मृतांचा हिशेब या बाबतींत त्याचा व विशेषतः त्यावरील बोलपटाचा शब्द दप्तराशीं ताडल्याविना घेऊं नये. आणि खोऱ्यांतील माणसांविषयीं तर पथकाचें दप्तरहि पुरें पडत नाहीं. तेथें शत्रूच्या गांवचा कागद वाचावा लागतो.

याच संदर्भांत एका वादाचा उल्लेख करतों. गिब्सनच्या काळ्या कुत्र्याचें नांव कृष्णवर्णीयांस उद्देशून वापरली जाणारी शिवी होती, आणि म्योने फुटल्याचा बिनतारी संकेत म्हणून तोच शब्द ठरला होता. २०२० सालीं स्कॅम्प्टन येथील त्या कुत्र्याच्या थडग्यावरील शिळा काढून नांव नसलेली दुसरी बसविण्यांत आली, त्यावर बरीच ओरड झाली. आमचें मत असें कीं शिळेवर काय असावें, म्हणजे कशाचा मान करावा, हें ठरविण्याचा अधिकार जिवंतांचा आहे. पण कार्यवहींतील शब्द पुसण्याचा कोणासहि नाहीं. शिळा बदलली म्हणून इतिहास बुडाला असें नाहीं, आणि शिळा राहिली असती म्हणून तो कळला असता असेंहि नाहीं.

धरण फोडण्याविषयीं आपले शास्त्रकार काय म्हणतात, हें पाहण्याचा मोह संस्कृतच्या शिक्षकास आवरत नाहीं. मनूनें सातव्या अध्यायांत शत्रूस वेढा घालणाऱ्या राजास त्याचीं तळीं, तट व खंदक फोडण्यास सांगितलें आहे. आणि नवव्या अध्यायांत तळें फोडणाऱ्यास पाण्यांत बुडवून मारावें असें दंडाचें विधान केलें आहे. कौटिल्यानेंहि पाणी धरून ठेवणारा बंध फोडणाऱ्यास तेथेंच बुडविण्याची शिक्षा सांगितली आहे. एकच कृत्य, भिंतीच्या एका बाजूनें पराक्रम व दुसऱ्या बाजूनें महापातक. शास्त्रानें दोन्ही सांगितलीं, पण एकाच ठिकाणीं सांगितलीं नाहींत. ज्या बंधाचें पाणी सुटल्यास नागरिकांची मोठी हानि होईल त्यावर हल्ला करूं नये, असा निर्बंध १९७७ च्या जिनीव्हा पुरवणी करारांत घातला गेला. म्हणजे दोन अध्याय एकत्र वाचण्यास माणसास बराच काळ लागला.

पथकाच्या चिन्हावर फुटलेलें धरण आहे व त्याखालीं फ्रेंच भाषेंत ब्रीद आहे. त्याचा अर्थ, माझ्यामागून जलप्रलय. ब्रीदांत प्रलय आहे, प्रलयांत सांपडलेलें कोणी नाहीं. त्या रात्रीं उडालेल्यांपैकीं शेवटचा वैमानिक, झोर्पेवर बाँब टाकणारा जॉर्ज जॉन्सन, डिसेंबर २०२२ मध्यें वयाच्या एकशेंएकाव्या वर्षीं वारला. प्रत्यक्ष संपलें, यापुढें सर्व शब्दप्रमाण. आणि शब्द आप्ताचा असावा, एवढें पाहण्याचें काम संशोधकाकडे राहिलें आहे.

मागच्या बांकावरील त्या विद्यार्थ्यास आतां सांगतां येईल: धरणाखालीं नेहाइम नांवाचें गांव होतें, आणि गांवाच्या कडेला नदीपाशीं, कुलूप लावलेल्या छावणींत, घरापासून हजार मैलांवर आणलेल्या बायका झोंपल्या होत्या. अलं विस्तरेण.